वाक्य तुटलं की चालायचं

आमच्या घरातला कुठलाही मोठा निर्णय घरात झालेला नाही. लेकीने, ईश्वरीने, इंजिनिअरिंग सोडून वनस्पतिशास्त्र घ्यायचं, सासूबाईंना कराडहून आमच्याकडे आणायचं, गच्चीवर खोली चढवायची नाही, हे सगळं यवतेश्वरच्या घाटात ठरलं, आणि तेही पळता पळता. साताऱ्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. पहाटे घाटाकडे धावत निघालेल्या माणसाला इथे कुणी विचारत नाही की बाबा रे, कोण मागे लागलंय. निम्मं गाव पळतं आणि त्यातले बरेचसे पदकासाठी पळतात. मी पळते, कारण माझा नवरा फक्त तिथेच बोलतो.

नवरा म्हणजे सयाजी भोईटे, जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण लिहिताना सयाजीच लिहिणार, नाहीतर गोष्ट शेजाऱ्यांची वाटायला लागते. त्याची सगळी नोकरी कालव्यांना पाणी सोडण्यात गेली आणि ती सवय तोंडालाही लागली. सोडायचं ते बेतानं, आणि वरून आदेश आल्याशिवाय नाहीच. दिवसभर "हं" आणि "असू दे" एवढ्यावर आमचा संसार चालायचा. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, याचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय.

मग आम्ही शिर्के सरांच्या गटात गेलो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सर पीटी शिकवायचे. त्यांच्या गटाला बाकीचे पळणारे 'वरात' म्हणतात, कारण आम्ही खरोखरच तेवढ्या वेगाने जातो. पहिल्याच दिवशी सरांनी समर्थ मंदिराच्या चौकात उभं करून आम्हाला नियम सांगितला.

"पळायचं म्हंजे जीव काढायचा न्हाय, बाई. तोंड चालू ऱ्हायलं पायजे. दोघादोघांनी पळायचं आन् बोलत पळायचं. ज्याचं वाक्य मधीच तुटंल त्याला दम लागला. वाक्य तुटलं की चालायचं. दोघांनीबी. ज्याला दम लागला न्हाय त्यानंबी."

यात शास्त्र आहे. हृदय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. आपण हळू पळतो तेव्हा पायांचे स्नायू रक्त पिळून वर पाठवत राहतात, हृदयाचा डावा कप्पा काठोकाठ भरतो आणि दर ठोक्याला थोडा ताणला जातो. असं महिनोन्‌महिने झालं की तो कप्पा ऐसपैस होतो आणि एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त बाहेर टाकतो. जीव खाऊन पळालं की ठोके इतके भराभर पडतात की कप्प्याला सावकाश भरायला फुरसतच मिळत नाही, आणि शिवाय दुसऱ्या दिवशी उठवत नाही. हळू पळण्याने पायांतही केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं नवं जाळं विणलं जातं. आता हळू म्हणजे किती हळू, ते तोंड सांगतं. स्नायूंना प्राणवायू पुरतोय तोवर बोलायला श्वास उरतो. पुरेनासा झाला की छातीला सगळा श्वास स्वतःसाठी हवा असतो आणि वाक्याचे दोन तुकडे पडतात.

सयाजी नियम मोडत नाही. बोलत पळायचं म्हटल्यावर तो बोलायला लागला. पहिल्या दिवशी कालव्याच्या गळतीवर बोलला, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या आईवर, आणि दिवाळीच्या सुमाराला एका वळणावर म्हणाला, कराडच्या स्टँडवर मी तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुझ्या पिशवीतून दोडका बाहेर आला होता. हे मला लग्नानंतर पंधराएक वर्षांनी कळत होतं. मी हसले, वाक्य तुटलं, आणि आम्ही चालायला लागलो. तेव्हापासून घाट आमचा झाला. घाटमाथ्यावरच्या देवळाच्या कमानीपाशी पोचेपर्यंत जे ठरेल ते ठरलं, खाली आल्यावर त्यावर पुन्हा बोलायचं नाही, असा आमच्यातला रिवाजच पडला.

गेल्या वर्षी एका साध्या तापाने हे सगळं थांबलं. ताप गेला, पण जाताना सयाजीच्या हृदयाच्या स्नायूला सूज देऊन गेला. एका पहाटे बोलता बोलता तो कठड्यावर बसला आणि पुन्हा उठेना. दवाखान्यातून आणला तेव्हा घरातल्या जिन्याची त्याला धाप लागायची. सूज उतरली तरी हृदय अशक्तच राहिलं. पळाल्याशिवाय ते सुधारणार नव्हतं आणि त्या हृदयाने पळणं शक्य नव्हतं. डॉ. तांबोळींनी त्याला रातपट्टी लिहून दिली.

रातपट्टी हे गावाने ठेवलेलं नाव. छातीवर डाव्या बाजूला चिकटवायची एक मऊ पट्टी आणि दोन्ही पोटऱ्यांना दोन पट्टे, एवढाच तो सरंजाम. डॉक्टर बाईंनी मला छान समजावून सांगितलं. हृदयाला घाट कळत नाही, त्याला फक्त निरोप कळतात. माणूस झोपला की पोटऱ्यांचे पट्टे पळण्याच्या तालात हलकेच आवळतात आणि रक्त वर ढकलतात. छातीवरची पट्टी मज्जातंतूंना बारीक स्पंदनं देऊन ठोके संथ ठेवते, म्हणजे कप्पा पुरता भरतो. पळणारे स्नायू रक्तात जी द्रव्यं सोडतात, ती पट्टीतून कातडीवाटे थोडी थोडी झिरपतात. शरीराची समजूत होते की आपण रोज घाट चढतोय, आणि ते त्याप्रमाणे स्वतःला घडवायला लागतं.

"आणि मेंदू?" मी विचारलं.

"मेंदूला पायांकडून आणि हृदयाकडून बातमी जाते की पळणं चालू आहे. तहान लागली असताना झोपलं की स्वप्नात पाणी दिसतं, तसा तो त्या बातमीला शोभेल असा एखादा रस्ता तयार करतो. त्याने काही बिघडत नाही. पेशंट खूश असतात."

खूश तर सगळं गावच होतं. गेल्या दोनतीन वर्षांत साताऱ्यात घराघरांत रातपट्ट्या आल्या होत्या. मंडईत बायका एकमेकींना भाजीचा भाव विचारावा तसं "काल कुठं पळालात?" विचारायच्या. आमच्या समोरच्या कुलकर्णी वहिनी समुद्राच्या तळावरून पळायच्या आणि मासे त्यांना वाट करून द्यायचे. किराणा दुकानातले ओसवाल गेलेल्या वडिलांच्या खांद्यावर बसून पळायचे, पाय मात्र स्वतःचेच हलायचे. सकाळी रस्त्यावर माणसं भेटली की त्यांच्या चेहऱ्यावर लांबच्या प्रवासाहून आल्यासारखं काहीतरी असायचं. शिर्के सरांची वरात मात्र रोडावत चालली होती.

सयाजीच्या स्वप्नात घाटच आला. पहिल्या सकाळी चहा घेताना त्याने आपण होऊन सांगितलं.

"यवतेश्वरचाच होता, पण वर संपतच नव्हता. दोन्ही अंगाला गुलाबी तेरडा. तू होतीस."

"मी काय करत होते?"

"पळत होतीस," तो म्हणाला आणि बशीकडे बघून हसला.

मला किती बरं वाटलं ते काय सांगू. माणूस बरा होत होता, जिना चढत होता, आणि वर स्वप्नात मीच होते. काही महिन्यांनी डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं की हृदय आता आजाराच्या आधीपेक्षाही चांगलं आहे, हवं तर घाटात जा. मी जायच्या आदल्या दिवशीच दोघांचे बूट पुसून दारात ठेवले.

धुकं होतं. विजेची बस दिवे लावून आमच्या शेजारून वर गेली, तिचा काही म्हणजे काही आवाज आला नाही. खाली गाव बुडालं होतं आणि समोर अजिंक्यताऱ्याचा फक्त माथा दिसत होता. सयाजी माझ्या पुढे अलगद पळत होता. त्याला ते हळूच वाटत असणार. माझ्या छातीचा मात्र पहिल्या वळणावर भाता झाला. आणि तो बोलत नव्हता.

"काहीतरी... बोला की," मी म्हटलं.

"काय बोलू?" त्याच्या आवाजात दमाचा मागमूस नव्हता. "सगळं बोलून झालंय की."

माझं वाक्य तुटलं होतं, तरी तो थांबला नाही. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. मला वाटलं, आजारातून उठलेला माणूस आहे, सवय मोडली असेल. कमानीपाशी तो माझी वाट बघत उभा होता, प्रसन्न, आणि एखादी लांबलचक गप्पांची मैफल नुकतीच संपावी तसा समाधानी. मीच रिकाम्या हाताने खाली उतरले.

त्यानंतरच्या आठवड्यात ईश्वरीचा फोन आला. ईश्वरी आमची एकुलती एक. नेदरलँड्सला ग्रोनिंगन म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठात ती शेवाळावर संशोधन करते. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला मी जाणार, सहा महिने राहणार, हे कधीच ठरलं होतं. तिकीट आलं होतं. डिंकाचे लाडू करायचे तेवढे बाकी होते.

"आई, बाबांनी कळवलंय, तुझं यायचं रद्द झालं म्हणून," ती म्हणाली. "तुमचं घाटात ठरलं म्हणे. ठीक आहे. मी इथल्या नर्सबाईंना जास्त दिवस यायला सांगते."

लहानपणी गुडघा फुटला की ती 'लागलं नाही' ज्या आवाजात सांगायची, तो हा आवाज होता.

"तू त्या नर्सबाईंना इतक्यात काही सांगू नकोस," मी म्हटलं. "मी बघते."

सयाजी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होता. मी त्याच्या समोर जाऊन बसले.

"मी जाणार नाही असं मी कधी म्हटलं?"

"सोमवारी," तो शांतपणे म्हणाला. "वरच्या वळणावर. तूच म्हणालीस."

"सोमवारी पावसाने घाट बंद होता. दरड काढत होते. आपण गेलोच नव्हतो."

मेथीची काडी त्याच्या हातात तशीच राहिली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"पण तू रडलीस," तो म्हणाला. "मी विचारलं, खरंच नाही जाणार? तर म्हणालीस, तुम्ही सांगितलंत ना, मग मी कशाला जाते."

"काय सांगितलंत?"

"हं," सयाजी म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "असू दे. ईश्वरीला सांगतो, चूक झाली म्हणून."

घाटात ठरलं ते ठरलं, या आमच्या रिवाजाने आमचाच घात केला होता. दुसऱ्या कुणा नवऱ्याने स्वप्नात बायकोचा होकार घेतला असता तर सकाळी हसून सोडून दिला असता. आमच्याकडे घाटातल्या शब्दावर लेकीला परस्पर निरोप गेला. पण त्याहून मला लागलं ते वेगळंच. या माणसाने मला काहीतरी सांगितलं होतं, मी रडावं असं काहीतरी, आणि ते मी ऐकलंच नव्हतं. सयाजी एक गोष्ट दोनदा सांगणाऱ्यांतला नाही. जे सांगायचं ते त्याने स्वप्नातल्या त्या दुसरीला सांगून टाकलं होतं.

मी डॉ. तांबोळींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत.

"खरं म्हणजे त्यांना आता पट्टीची गरज नाही," त्या म्हणाल्या. "हळूहळू सोडता येईल. मात्र रोज स्वतःच्या पायांनी सावकाश पळायला हवं, तुम्ही पूर्वी पळायचा तसं. नाहीतर कमावलेलं काही आठवड्यांत जातं, हृदय फार विसरभोळं असतं. हे मी मागच्या खेपेलाच त्यांना सांगितलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

तो बोलला नव्हता. उलट दुपारीही पट्टी लावायला लागला होता. जेवण झालं की वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवा व्हायचा, आणि मला वाटायचं वामकुक्षी चाललीय. त्या दिवशी घरी येऊन बघते तर पोटऱ्यांचे पट्टे आवळत होते, सुटत होते, कुणी शेजारी बसून पाय चेपत असावं तसे. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं. सयाजीचे ओठ हलत होते. मी वाकून कान जवळ नेला. "...छताकडं बघत..." एवढंच कळलं, मग पुटपुट, मग एक समजून घेतल्यासारखं हसू. समोरून उत्तर आलं असणार.

मला त्या बाईचा मत्सर वाटला. सरळ सांगते, सवत घरात आली असती तर इतका वाटला नसता, कारण सवतीला निदान दम तरी लागला असता. ही कधी दमत नाही, हिला घाट संपत नाही, ही सगळ्याला हो म्हणते. मी सहा महिने गेले तर हा माणूस पुरताच तिच्याकडे राहायला जाणार. नाही गेले तर माझी पोर परक्या गावात एकटी बाळंत होणार, आणि तेही मी न दिलेल्या शब्दापायी. काहीही केलं तरी माझं काहीतरी जाणारच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सयाजी केस कापायला गेला. पट्टी टेबलावर होती. दुसऱ्याची पट्टी वापरू नये असं तिच्यावरच लिहिलेलं असतं, आणि विज्ञानाच्या बाईने तरी ते वाचावं. मी वाचलं आणि लावली.

झोप कधी लागली कळलं नाही. मी घाटात होते. पायांना वजन नव्हतं, डांबर सायीसारखं मऊ होतं. तेरडा इतका दाट होता की दरी गुलाबी झाली होती, आणि त्या गुलाबीतून धुकं वर येत होतं. एक बस आमच्या शेजारून गेली. आत सगळं गाव झोपलेलं होतं, कुलकर्णी वहिनी, ओसवाल, सगळे, आणि सगळ्यांचे पाय एका तालात हलत होते. माझ्या शेजारी सयाजी होता. तो बोलत होता. किती बोलत होता म्हणून सांगू. कराडचा स्टँड, पिशवीतला दोडका, कालव्याची गळती, त्याच्या आईने थालीपीठाला पाडलेली भोकं. एकामागून एक वाक्यं येत होती आणि एकही तुटत नव्हतं. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, वर कमान येऊच नये. मला इतकं सुख झालं की त्या बाईची चीड येण्याऐवजी सयाजीचीच दया आली. कोण उठेल इथून?

मग मला त्याचं ते 'छताकडं बघत' आठवलं; घरात छताकडे बघत पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, म्हणजे ते दवाखान्यातलंच असणार. मी विचारलं, "अहो, दवाखान्यात काय झालं होतं?"

तो माझ्याकडे वळला. त्याने तोंड उघडलं. आवाज आला तो माझाच होता.

"मला काय माहीत," तो माझ्या आवाजात म्हणाला. "तूच सांग."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, हसतमुखाने. मग दोडक्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

मी उठले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. स्वप्नातला सयाजी मला ठाऊक होतं तेवढंच सांगत होता. मला ठाऊक नसलेला एक शब्दही त्याच्याकडे नव्हता. म्हणजे ती बाईही तशीच असणार. सयाजीच्या डोक्यात जेवढी मी आहे तेवढीच ती. तिने नाही जात म्हणून सांगितलं, कारण तेवढंच त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं. पट्टी काढून जागेवर ठेवताना माझा मत्सर कुठल्या कुठे गेला होता.

"आज पट्टी न लावता झोपा," संध्याकाळी मी सयाजीला म्हटलं. "उद्या घाटात जायचंय."

"हं," तो म्हणाला. पण झोपला नाही. जाग येई तेव्हा तेव्हा त्याने कूस बदललेली मला कळत होती.

पहाटे पुन्हा धुकं होतं. शिर्के सर चौकात एकटेच हातपाय मोकळे करत होते, त्यांनी आम्हाला हात केला आणि पुढे गेले. आम्ही निघालो. सयाजी सवयीने पुढे गेला.

"थांबा," मी म्हटलं. "माझं... वाक्य तुटलं."

तो थांबला. मागे वळून बघितलं आणि ओशाळला. परत खाली आला, माझ्या शेजारी चालायला लागला. माझा श्वास जुळल्यावर आम्ही पुन्हा पळायला लागलो, या खेपेला माझ्या वेगाने, म्हणजे खऱ्या वरातीच्या.

"ती मी नव्हते," मी म्हटलं.

"तुझ्यासारखीच होती."

"मी काल दुपारी तुमची पट्टी लावून बघितली. माझ्याही स्वप्नात तुम्ही आलात. खूप बोललात. पण मला आधीच ठाऊक होतं तेवढंच. दवाखान्याचं विचारलं तर तुम्हाला काही सांगता येईना."

आमच्या बुटांचा आवाज येत होता आणि दरीतून कुठूनतरी कोंबड्याचा. दुसरं वळण गेलं. तिसऱ्याला कठडा आला, तोच, जिथे तो बसला होता.

"दवाखान्यात," सयाजी म्हणाला, "मला रात्री..."

आणि थांबला. पाय चालू होते.

"मला रात्री असं..."

पुन्हा तुटलं. पोरासारखं हृदय झालं होतं त्याचं, धाप नव्हती, घाम नव्हता, आणि वाक्य पुढे जाईना. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते.

"वाक्य तुटलं," मी म्हटलं. "चालायचं."

आम्ही चालायला लागलो. मी त्याचा हात धरला. साताऱ्यात भर रस्त्यात मी असं पहिल्यांदाच केलं. चालता चालता त्याने सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्याने. दवाखान्यात त्याला वाटायचं की आपण झोपलो तर हृदय चालायचं विसरेल. म्हणून तो छताकडे बघत जागा राहायचा. मी बाहेर बाकावर बसलेली आहे हे माहीत असूनही हाक मारायची लाज वाटायची. घरी आल्यावरही ती भीती गेली नाही. पट्टी लावल्यावर गेली, कारण झोपेत शिरलं की शेजारी मी असायचे.

"तू गेलीस की एकटाच झोपणार मी," तो म्हणाला. "पट्टी न्हाई लावली तर डोळा लागत न्हाई. लावली तर उठावंसं वाटत न्हाई. आता दुपारचंबी उठावंसं वाटंना झालंय, वृषाली." घाबरला की तो असा त्याच्या आईच्या भाषेत बोलतो. "हे तिला सांगितलं तवा ती म्हणाली, मी जात न्हाई. तू काय म्हणतीस?"

मला रडू आलं. ती बाई जिथे रडली तिथेच मीही रडले, त्याला माझा इलाज नव्हता. एवढं वर्षभर हा माणूस माझ्या शेजारी झोपेला भीत होता आणि मी त्याच्या सुधारलेल्या हृदयाचे रिपोर्ट वाचून पेढे वाटत होते. मी कठड्याला टेकून उभी राहिले. धुक्यातून कमानीचा वरचा भाग दिसायला लागला होता. मी पुरता श्वास घेतला आणि एका दमात म्हटलं,

"मी जाणार आहे, आणि तुम्हीही माझ्याबरोबर येताय, पट्टी इथे कपाटात ठेवून."



"तिकडं घाट नाही," सयाजी म्हणाला. "सगळा देश भाकरीसारखा सपाट आहे म्हणतात."

"नसू दे घाट. कालवे आहेत. दारातून कालवे, शेतातून कालवे, समुद्राहून खाली असलेल्या जमिनीवर कालवे. रोज सकाळी त्यांच्या काठाने माझ्या वेगाने पळायचं. बोलत."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं. असा तो आधी कधी दिसायचा, ते मी आठवून पाहिलं. कालव्याला पाणी सोडायची पाळी सुरू झाली की दिसायचा.

"हे ती म्हणाली नव्हती," तो म्हणाला.

"तिला कसं सुचणार? तुम्हालाच सुचलं नव्हतं."

"हं," सयाजी म्हणाला. मग त्याने डोळे पुसले, कमानीकडे बघितलं, आणि आम्ही पुन्हा पळायला लागलो, अगदी सावकाश. थोडं वर गेल्यावर त्याने विचारलं, "समुद्राहून खाली जमीन, मग पाणी बाहेर कसं काढतात? कोण सोडतं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तुम्ही बघा आणि मला सांगा."